ब्लॅकबेरी स्मोकच्या पहिल्या शोला जाताय? निघायच्या आधी हे वाचा

अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात नवीन आलेल्या मराठी मंडळींचे मला अधूनमधून मेसेज येतात, की तुझ्या त्या बँडचा शो आहे म्हणे, आम्हालाही यायचंय, काय काय लागतं, कुठून जायचं, आपल्याला जमेल का. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मी मूळची अकोल्याची, नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे इकडे आले, आणि पहिली दोन वर्षं इथल्या लोकांशी माझा संबंध म्हणजे दुकानात हाय आणि लिफ्टमध्ये बाय, एवढाच होता. या बँडच्या शोंमुळे तो बदलला. त्यामुळे यातली प्रत्येक गोष्ट मनापासून सांगतेय, आणि पहिल्या वेळी मी ज्या चुका केल्या त्या तुमच्या होऊ नयेत एवढाच हेतू आहे.

१. आधी बँड कोण ते समजून घ्या

ब्लॅकबेरी स्मोक हा अटलांटाचाच बँड, २००० साली सुरू झालेला. चार्ली स्टार गातो आणि गिटार वाजवतो, गाणीही बहुतेक त्याचीच. तो अलाबामातल्या लॅनेट नावाच्या छोट्या गावातला, आणि गिटार त्याच्या घरातच होती, वडील ब्लूग्रास, म्हणजे इकडचं तारवाद्यांवरचं लोकसंगीत, वाजवायचे. दुसऱ्या गिटारवर पॉल जॅक्सन, कीबोर्डवर ब्रँडन स्टिल, बेसवर रिचर्ड टर्नर आणि ड्रम्सवर त्याचा सख्खा भाऊ ब्रिट टर्नर. पुढे बेन्जी शँक्स आला आणि तीन गिटार झाल्या. बँडचं नाव सुचवलं ते ब्लॅक क्रोज या अटलांटाच्याच बँडच्या क्रिस रॉबिन्सनने.

ब्रिट टर्नर ३ मार्च २०२४ ला गेला. मेंदूचा कॅन्सर होता. ही गोष्ट मुद्दाम पहिल्याच मुद्द्यात सांगतेय, कारण शोला गेलात की कुणाच्या टीशर्टवर, कुणाच्या जॅकेटवर, कुणाच्या हातावर गोंदवलेलं त्याचं नाव तुम्हाला दिसणार, आणि "हा कोण?" असं विचारलंत तर समोरचा माणूस सांगेल जरूर, पण त्याच्या डोळ्यात पाणी येईल. माझ्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीने असंच विचारलं होतं आणि नंतर तिलाच फार वाईट वाटलं. बँड थांबला नाही, अजून वाजवतोय, आणि लोकही म्हणूनच आणखी जोराने येतात.

आता हा बँड जे वाजवतो ते सदर्न रॉक म्हणजे काय, तर १९७० च्या आसपास जॉर्जिया-फ्लोरिडाकडे ब्लूज, कंट्री, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) आणि रॉक एकाच ताटात आलं, त्यातून जे झालं ते. ऑलमन ब्रदर्स बँड १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनविलमध्ये जमला आणि लगेच जॉर्जियातल्या मेकन गावी राहायला आला. लिनर्ड स्किनर्ड हा दुसरा गाजलेला बँडही जॅक्सनविलचाच. ब्लॅकबेरी स्मोक हे त्याच घराण्यातले, फक्त आत्ताचे.

२. काय ऐकायचं आणि कुठल्या क्रमाने

शोला जायच्या आधी किमान तीन आठवडे ऐका. हे मी अगदी आग्रहाने सांगतेय. आपल्याकडे भजनाला बसलं आणि टाळकऱ्यांनी उचललेली ओळच माहीत नसेल तर जसं कोरडं वाटतं तसंच इथे होतं. अख्खं थिएटर गात असतं आणि आपण नुसते बघत उभे.

सुरुवात २०१२ च्या "द व्हिपरविल" या अल्बमपासून करा. व्हिपरविल हा रात्री ओरडणारा पक्षी, आपल्या रातव्याच्या जातकुळीतला. लोकांना तोंडपाठ असलेली बरीच गाणी याच अल्बममधली आहेत. मग २०१५ चा "होल्डिंग ऑल द रोझेस" ऐका, तो बिलबोर्डच्या कंट्री अल्बमच्या यादीत पहिल्या नंबरला गेला होता. मग २०२१ चा "यू हिअर जॉर्जिया", आणि शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला "बी राइट हिअर", ब्रिट जायच्या जेमतेम दोन आठवडे आधीचा. वेळ कमी असेल तर "होमकमिंग: लाइव्ह इन अटलांटा" तेवढा ऐका, नोव्हेंबर २०१८ मध्ये इथल्याच टॅबरनॅकल थिएटरमध्ये रेकॉर्ड केलेला आहे, म्हणजे आपण कशाला चाललोय त्याचा अंदाज येतो, लोकांच्या आवाजासकट.

"यू हिअर जॉर्जिया"बद्दल थोडं जास्त सांगते. त्या शीर्षकगीताचा विषयच हा, की आमच्या बोलण्याचा हेल ऐकून आम्ही कोण ते आधीच ठरवू नका. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबले होते. मी वऱ्हाडातली, पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा पहिलं अख्खं वर्ष माझ्या "मले-तुले"वर वर्गात हशा पिकायचा, मग मी तोंड उघडायचंच बंद केलं, आणि शिक्षकांना वाटलं हिला काही येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माणसाने न्यूयॉर्कात तोंड उघडलं की त्याचंही हेच होतं हे मला या बँडमुळे कळलं. ऑफिसमधल्या अलाबामाच्या एका बाईंना मी हे सांगितलं तर त्या उठून माझ्या टेबलाशी आल्या आणि तासभर बोलत बसल्या. तोवर वर्षभर आम्ही फक्त गुड मॉर्निंगवर होतो.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक वाट वेगळी. या संगीतात काचेची किंवा धातूची नळी बोटात घालून तारेवरून घसरवत वाजवतात, त्याला स्लाइड म्हणतात. पंडित विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा ऐकली असेल तर ती मींड ओळखीची वाटेल. आणि हा संबंध ओढूनताणून आणलेला नाहीये, आजचा सगळ्यात नावाजलेला स्लाइड वादक डेरेक ट्रक्स कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँच्या कॉलेजात शिकायला गेलेला आहे. माझ्या सासऱ्यांना मी आधी त्याचं ऐकवलं आणि मग ब्लॅकबेरी स्मोककडे आणलं, बरोबर लागू पडलं.

३. तिकीट काढणं

बँडच्या स्वतःच्या साइटवर टूरचं पान असतं, तिथूनच सुरुवात करा आणि तिथल्या लिंकवरूनच तिकीट घ्या. गुगलवर बँडचं नाव टाकलं की सगळ्यात वर ज्या जाहिराती येतात त्यातल्या बऱ्याच रीसेलवाल्यांच्या असतात, दिसायला अगदी थिएटरची साइट वाटते आणि भाव दुप्पट.

बँडचा अधिकृत फॅन क्लब आहे, नाव ब्रदर्स अँड सिस्टर्स. मेंबर झालात तर सगळ्यांच्या आधी तिकिटं घेता येतात. एकदाच जाऊन बघायचं असेल तर गरज नाही, पण दुसऱ्यांदा जावंसं वाटलं, आणि वाटेलच, तर घेऊन टाका.

आता सापळा. तिकीट हल्ली फोनवरच येतं आणि त्यातला बारकोड सारखा बदलत राहतो. त्यामुळे कुणी तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवून पैसे मागत असेल तर ते तिकीट नव्हे. माझ्या पहिल्या शोच्या वेळी सोशल मीडियावरच्या एका ग्रुपमधून मी दोन तिकिटं अशीच घेतली, माणूस गोड बोलणारा, नोकरीच्या गडबडीत जमत नाही म्हणाला, आणि दारात स्कॅनरने दोन्ही तिकिटं लाल दाखवली. पाऊस होता, नवरा पार्किंग शोधत होता, आणि मी रडवेली होऊन दाराशी उभी. शेवटी खिडकीवर पूर्ण पैसे भरून परत घेतली. तर कुणाकडून घ्यायचंच असेल तर तिकिटाच्या अ‍ॅपमधून ट्रान्सफर करून मागा, ते तुमच्या अकाउंटला दिसलं की मगच पैसे द्या.

मे २०२५ पासून इथे नियम आलाय की सगळ्या फीसकट पूर्ण किंमत आधीच दाखवायची, त्यामुळे पूर्वी शेवटच्या पानावर जो धक्का बसायचा तो आता कमी झालाय.

"जनरल अ‍ॅडमिशन" लिहिलं असेल तर ते उभ्याने. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा भारतातून आईबाबा आलेले असतील तर बाल्कनीतली बसायची जागा बघा, पाचदहा डॉलर वाचवायला जाऊ नका. तीन-साडेतीन तास जातात, त्यात आधी वाजवणारा बँडही आला. लहान मुलांना न्यायचं असेल तर वयाची अट त्या त्या शोच्या पानावर लिहिलेली असते, ती वाचून मगच तिकीट काढा.

४. कागदपत्रं आणि सामान

– फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रत. जॉर्जियाचं लायसन्स किंवा स्टेट आयडी असेल तर उत्तम. पाहुणे असतील तर पासपोर्ट. आपलं आधार कार्ड किंवा भारतातलं लायसन्स इथे बारवर चालवून घेतीलच असं नाही, आणि २१ वर्षं पूर्ण असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय बिअर मिळत नाही, केस पांढरे असले तरी.
– तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये आधीच टाकून ठेवा, दाराशी गर्दीत नेटवर्क लटकतं.
– फोन पूर्ण चार्ज, आणि छोटी पॉवर बँक.
– क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत.
– छोटीशी पर्स किंवा पारदर्शक प्लास्टिकची बॅग. मोठी पर्स, बॅकपॅक, डब्याची पिशवी दारातूनच परत पाठवतात आणि मग गाडीपर्यंत चालत जा. नेमकी मापं थिएटरच्या पानावर असतात.
– कानात घालायचे फोमचे बोळे.
– सपाट, बंद बूट. चपला-सँडल अजिबात नको, कुणाचा तरी जाड काउबॉय बूट पायावर पडतोच.

कानाच्या बोळ्यांबद्दल हसू नका. पहिल्या शोला माझ्याकडे नव्हते. रांगेत माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या, डेनिमचं जॅकेट घातलेल्या, त्यांनी मागे वळून विचारलं, पहिलाच शो का गं? मी हो म्हटलं तर खिशातून बोळ्यांची नवीकोरी जोडी काढून माझ्या हातात ठेवली. मग जॅकेट उलटं करून आतलं अस्तर दाखवलं. त्यावर बॉलपेनने, बारीक अक्षरात, आजवर पाहिलेल्या प्रत्येक शोची तारीख आणि गाव लिहिलेलं, शाई काही ठिकाणी धुऊन फिकी झालेली आणि तीच तारीख परत गिरवलेली. चाळीसच्या वर असतील. त्यातल्या काही तारखांपुढे छोटा क्रॉस होता. विचारलं तर म्हणाल्या, ते शो नवरा होता तेव्हाचे.

५. पोचायचं कसं

टॅबरनॅकल धरून सांगते, कारण या बँडचा थँक्सगिव्हिंगच्या आसपासचा घरचा शो कितीतरी वर्षं तिथेच होत आलाय. यंदा कुठे आहे ते टूरच्या पानावर बघूनच ठरवा. ही इमारत मुळात चर्च, १९११ च्या सुमाराची, १९९६ च्या ऑलिंपिकच्या वेळी तिचं संगीताचं थिएटर झालं. २००८ च्या मार्चमध्ये डाउनटाउनवरून वादळ गेलं तेव्हा तिचंही नुकसान झालं होतं. साधारण २६०० माणसं मावतात.

गाडीने गेलात तर डाउनटाउनचं पार्किंग महाग, आणि त्याच संध्याकाळी जवळ बास्केटबॉल किंवा फुटबॉलची मॅच असली तर मिळणंच मुश्कील. मी मार्टाने, म्हणजे इथल्या मेट्रोने जाते. अल्फारेटा, जॉन्स क्रीककडून येणाऱ्यांनी नॉर्थ स्प्रिंग्जला गाडी लावायची, रेड लाइन पकडायची आणि पीचट्री सेंटरला उतरायचं. तिथला एस्कलेटर खूप लांब आणि खोल आहे, वयस्कर कुणी बरोबर असेल तर लिफ्ट शोधा. वर आलात की चालत दहा मिनिटं.

परतीचा सापळा मात्र नीट लक्षात ठेवा: रात्री उशिरा रेड लाइन डाउनटाउनपर्यंत येत नाही, फक्त लिंडबर्ग सेंटर ते नॉर्थ स्प्रिंग्ज एवढीच चालते. म्हणजे शो सुटल्यावर पीचट्री सेंटरहून गोल्ड लाइनने लिंडबर्गला यायचं आणि तिथे बदलायचं. हे माहीत नसल्याने प्लॅटफॉर्मवर रेड लाइनची वाट बघत बसलेली माणसं मी दर वेळी बघते. शेवटच्या गाडीची वेळ घरून निघतानाच बघून ठेवा.

६. आत गेल्यावर

पुढे उभं राहायचं असेल तर दार उघडायच्या तासभर आधी रांगेत या. पण आवाज नीट ऐकायचा असेल तर साउंड डेस्कच्या (जिथून आवाज सांभाळतात त्या टेबलाच्या) थोडं पुढे, मधोमध उभं राहा, माझी जागा तीच. अगदी स्टेजपाशी ड्रम्स आणि अँप एवढे अंगावर येतात की शब्द कळत नाहीत.

आधीचा बँड चुकवू नका. बोळे सुरुवातीपासूनच घाला. गाण्यांची यादी दर शोला बदलते, त्यामुळे अमुक गाणं झालं नाही म्हणून हिरमुसू नका. आणि सगळा वेळ फोन वर धरून व्हिडिओ काढू नका, मागचा माणूस तीन तास ड्राइव्ह करून टेनेसीहून आलेला असतो. एखादं गाणं घ्या आणि ठेवून द्या.

मधे एक गाणं लांबतं. दोन गिटार एकमेकींना उत्तर देत राहतात, कीबोर्ड मागून चढत येतो, चार्ली स्टार बोलत नाही, डोळे मिटून वाजवतो. त्या वेळी कुणाशी गप्पा मारू नका. बैठकीत तान चालू असताना जसं आपण कुणी मान हलवतो, कुणी मांडीवर ताल धरतो, तसंच इथे लोक शांत होतात. ते संपलं की जो ओरडा होतो, तो कळायला ती शांतताही ऐकलेली असावी लागते.

आता सगळे मला खाजगीत विचारतात तो प्रश्न, आपण वेगळे दिसू का, कुणी काही बोलेल का? वेगळे दिसाल, हो. गर्दी बहुतेक गोरी असते, मधल्या वयाची. सदर्न रॉकबरोबर पूर्वी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांचा झेंडा मिरवला जायचा हेही खरं, त्या इतिहासाने इथल्या कृष्णवर्णीयांना काय भोगायला लागलं ते अटलांटात राहून आपल्याला ठाऊक असायलाच हवं, डोळे झाकून काही होत नाही. मी माझ्यापुरतं सांगते, आजवर ज्या ज्या शोंना गेले, एकट्यानेही गेले, तिथे मला कुणी वाकडं बोललेलं नाही. उलट "तू कुठली, आमचं संगीत तुला कसं सापडलं" असंच विचारतात आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतात. तरी पहिल्यांदा जाताना बरोबर एखादी मैत्रीण असू द्या आणि कुणी फार प्यायलेला वाटला तर जागा बदला, एवढी काळजी कुठल्याही गर्दीत घ्यावीच.

७. टीशर्ट आणि रेकॉर्ड

आत शिरल्या शिरल्या घ्या. शो सुटल्यावर लांबलचक रांग लागते आणि मध्यम साइज संपलेला असतो. रेकॉर्ड घेतली तर ती रात्रभर हातात धरून उभं राहावं लागतं, म्हणून ती मी घरून मागवते. भारतात न्यायची असेल तर केबिन बॅगेत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून.

८. मेकनला एक दिवस

हे सक्तीचं नाही, पण शो आवडला तर पुढच्या शनिवारी जाच. आय-७५ ने दक्षिणेला, साधारण ८५ मैल, दीड तास. शुक्रवारी संध्याकाळी निघू नका, अख्खी अटलांटा त्याच रस्त्यावर असते.

आधी बिग हाउस, व्हाइनव्हिल अ‍ॅव्हेन्यूवरचं जुनं मोठं घर, तिथे ऑलमन ब्रदर्सची मंडळी १९७० ते ७३ बायकामुलांसकट एकत्र राहायची, आता तिथे म्युझियम आहे. आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, वेळ बघून निघा. मग कॅप्रिकॉर्न साउंड स्टुडिओ, सदर्न रॉकचा जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ. बरीच वर्षं ओस पडला होता, मर्सर युनिव्हर्सिटीने दुरुस्त करून डिसेंबर २०१९ मध्ये परत सुरू केला, आणि ब्लॅकबेरी स्मोकने तिथेच जाऊन जुनी गाणी रेकॉर्ड केली, २०२० मध्ये ती आली. ती ऐकत मेकनला गेलात तर रस्ता कसा संपतो कळत नाही.

जेवायला लोक एच अँड एच सांगतात, १९५९ पासूनचं, ऑलमन ब्रदर्सकडे पैसे नसायचे तेव्हा तिथल्या मामा लुईस त्यांना जेवू घालायच्या. शाकाहारी असाल तर इकडच्या अशा कुठल्याही खाणावळीत एक प्रश्न विचाराच: पालेभाजी आणि बीन्स कशात शिजवलेत? दक्षिणेत त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस घालतात, दिसत नाही, आणि मेनूत ती भाजी म्हणूनच लिहिलेली असते. मॅकरोनी-चीज आणि कॉर्नब्रेडबद्दलही विचारून घ्या. घरून दशम्या-चटणी नेलीत तर सगळ्यात बरं, आम्ही ओकमल्गी नदीकाठी बसून खातो.

शेवटी रोझ हिल दफनभूमी, अंधार पडायच्या आत. ऑलमन ब्रदर्सचा गिटारवादक डुएन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ ला मेकनमध्येच मोटरसायकलच्या अपघातात गेला, २४ वर्षांचा होता, आणि वर्षभराने त्यांचा बेसवादक बेरी ओकली तसाच, मोटरसायकलवरच, तिथून जवळच गेला. दोघं शेजारी शेजारी आहेत, २०१७ मध्ये डुएनचा भाऊ ग्रेगही तिथेच आला. कुंपण आहे, ओलांडू नका. लोक गिटारचे पिक ठेवून जातात, मीही एक ठेवला. चढउतार बराच आहे, पाण्याची बाटली आणि चालायचे बूट हवेत.

पुढच्या घरच्या शोला येणार असाल तर साउंड डेस्कच्या थोडं पुढे, मधोमध बघा. कपाळावर छोटी टिकली आणि डेनिमचं जॅकेट असलेली बाई दिसली तर ती मीच, बिनधास्त हाक मारा. बोळे आणायला विसरलात तर माझ्या पर्समध्ये दोन जोड्या जास्तीच्या असतात.